वर्गमूळ आणि द्विपद श्रेणी: टर्म वाढवण्याआधी जवळचा वर्ग शोध

उदगीरकडच्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "सर, √५० काढायला मी ५० = १ + ४९ असं लिहिलं आणि √(१ + क्ष) च्या विस्तारात क्ष = ४९ घातलं. उत्तर आधी २५.५ आलं, मग −२७४.६२५, आणि त्याच्या पुढं सात हजारावर गेलं. क्लासमध्ये क्ष ची किंमत १ पेक्षा लहान पाहिजे एवढंच सांगतात. ती का पाहिजे? आणि किती टर्म घ्यायच्या हे कसं ठरवायचं? परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो."

पहिल्यांदा एक सांगतो, आकडे घालून बघितलेस हे फार चांगलं केलंस. आमच्याकडं लातूरला मुलं ही अट वहीत लाल पेनानं चौकट करून लिहितात, दहा वेळा घोटतात, पण ती मोडली तर नेमकं काय होतं ते बघायला कुणी जात नाही. तू मोडून बघितलीस, म्हणून तुला प्रश्न पडला.

आता मुद्द्याचं. तुला वाटतंय की तुझे प्रश्न दोन आहेत. माझ्या मते तो एकच आहे: संख्या फोडायची कशी? श्रेणीचं सूत्र सगळ्यांना सारखंच. ते पाठ असणं ही हुशारी नाही. ५० मधून कुठला वर्ग बाहेर काढायचा हे ज्याला सुचतं त्याचं उत्तर दोन-तीन टर्ममध्ये येतं. ज्याला सुचत नाही तो पानभर टर्म लिहीत बसतो. क्ष १ पेक्षा लहान का लागतो आणि टर्म किती लागतात, या दोन्हीचं उत्तर त्या फोडण्यातच आहे.

किती अचूक उत्तर हवं हे मात्र कामावर अवलंबून असतं. बोर्डाच्या पेपरात 'चार दशांश स्थळांपर्यंत' असं स्पष्ट सांगितलेलं असतं, तेव्हा तिथं सवलत नाही. सीईटीत समोर चार पर्याय असतात. ते एकमेकांपासून वेगळे ओळखू आले की हात थांबवायचा, पुढची टर्म म्हणजे वेळेचा खर्च. शेताच्या मोजणीत इंचाच्या आतली चूक कुणी विचारत नाही. आणि कॉम्प्युटरवर काम करायचं असेल तर ही श्रेणी वापरूच नको, तिथं याहून वेगवान रीत आहे, ती पुढं सांगतो.

सूत्र आधी समोर ठेवू:

√(१ + क्ष) = १ + क्ष/२ − क्ष²/८ + क्ष³/१६ − ५क्ष⁴/१२८ + …

हे आकाशातून पडलेलं नाही. १/२ हा घातांक द्विपद प्रमेयात (दोन पदांच्या बेरजेचा घात उलगडण्याच्या सूत्रात) घातला की सहगुणक, म्हणजे क्ष, क्ष² वगैरेंना गुणणारे आकडे, येतात हे खरं, पण मी वर्गात आधी तसं शिकवत नाही. मी उलटीकडून जातो. समज, तुला प्रमेय माहीतच नाही. १ + क्ष चं वर्गमूळ हवंय आणि क्ष अगदी लहान आहे. पहिला अंदाज १. त्याचा वर्ग १, म्हणजे क्ष कमी पडला. अंदाजात क्ष/२ मिळवला, कारण वर्ग करताना मधली टर्म दुप्पट होते आणि तो बरोबर क्ष देतो. आता (१ + क्ष/२) चा वर्ग कर: १ + क्ष + क्ष²/४. क्ष आला, पण क्ष²/४ जास्तीचा आला. तो घालवायला अंदाजातून त्याचा निम्मा, म्हणजे क्ष²/८ वजा कर. पुन्हा वर्ग कर: १ + क्ष − क्ष³/८ + क्ष⁴/६४. क्ष² गेला, आता क्ष³/८ कमी पडतोय. म्हणून क्ष³/१६ मिळव. असंच पुढं चालत राहायचं.

म्हणजे प्रत्येक टर्म ही मागच्या टर्मनं मागं ठेवलेल्या उरल्यासुरल्याची दुरुस्ती आहे. खुद्द न्यूटननंही ही श्रेणी अशीच पडताळली होती. ऑक्टोबर १६७६ मध्ये लायब्निझसाठी लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगितलंय की श्रेणीला तिनंच गुणलं आणि मूळ राशी परत मिळाली. वहीत एकदा क्ष⁴ पर्यंत हा गुणाकार स्वतः कर. नंतर सहगुणक विसरलास तरी परीक्षेत दोन मिनिटांत उभे करता येतील.

आता याच नजरेनं तुझं गणित बघ. तू पहिला अंदाज १ धरलास. १ चा वर्ग १, म्हणजे ५० ला ४९ कमी. दुरुस्ती केलीस ४९/२ ची, अंदाज झाला २५.५. त्याचा वर्ग ६५०.२५. म्हणजे आधी ४९ कमी पडत होते, दुरुस्तीनंतर ६००.२५ जास्त झाले! दुरुस्ती करायला गेलास आणि बिघाड बारापट वाढला. पुढची टर्म त्या सहाशेची भरपाई करायला जाते आणि आणखी मोठं भगदाड पाडते. क्ष लहान असेल तर क्ष² त्याहून लहान, क्ष³ आणखी लहान, म्हणून प्रत्येक दुरुस्ती आधीपेक्षा कमी उरवते. क्ष १ च्या वर गेला की हेच गणित उलटं फिरतं. अट का पाहिजे, याचं हे साधं उत्तर.

जरा काटेकोर हवं असेल तर एका टर्मवरून पुढच्या टर्मवर जाताना काय होतं ते बघ. चिन्ह बाजूला ठेवलं तर क्ष च्या टर्मपासून पुढं आपण दर वेळी क्ष नं गुणतो आणि सोबत १/४, १/२, ५/८, ७/१०, ३/४ अशा अपूर्णांकांनी. हे अपूर्णांक वाढत वाढत १ कडं जातात, पण १ कधी होत नाहीत. म्हणून |क्ष|, म्हणजे चिन्ह सोडून क्ष, १ पेक्षा लहान असेल तर टर्म आटत जातात. १ पेक्षा मोठा असेल तर सुरुवातीला आटल्यासारख्या दिसल्या तरी कधीतरी फुगायला लागतातच. क्ष = १.१ घेतलास तर पहिल्या चार-पाच टर्म बघून कुणीही फसेल.

आता √५० नीट काढू. ५० च्या जवळचा पूर्ण वर्ग ४९. तो बाहेर काढायचा, मिळवायचा नाही:

√५० = √(४९ × ५०/४९) = ७ × √(१ + १/४९)

बघ, ४९ तेच आहे, पण आधी ते क्ष होतं आणि आता क्ष १/४९ झाला. पहिल्या दोन टर्म: ७ + ७/९८ = ७ + १/१४ = ७.०७१४२८६. तिसरी टर्म: ७ × १/(८ × २४०१) = ०.०००३६४४, ती वजा केली की ७.०७१०६४१. चौथी टर्म +०.०००००३७, म्हणजे ७.०७१०६७९. खरी किंमत ७.०७१०६७८१… आहे. चार टर्ममध्ये सातव्या दशांश स्थळाशी फक्त एकचा फरक. तुझ्या मूळ मांडणीत चार टर्मनंतर ७०७८.४३७५ आलं होतं.

किती टर्म घ्यायच्या, याला माझ्याकडं एक सोपा नियम आहे, आणि तो सिद्ध करता येतो. क्ष धन असेल तर दुसऱ्या टर्मपासून चिन्हं आलटून पालटून येतात आणि टर्म लहान होत जातात. अशा वेळी तू जिथं थांबशील तिथली चूक सोडलेल्या पहिल्या टर्मपेक्षा लहानच असते. म्हणजे पुढची टर्म नुसती अंदाजानं काढायची. ती ०.००००५ पेक्षा बरीच लहान दिसली की चार दशांश स्थळांचं काम झालं. क्ष ऋण असेल तर थोडं सावध राहावं लागतं, कारण तेव्हा पहिल्या १ नंतरच्या सगळ्या टर्म वजाच असतात, एकमेकांना सांभाळून घेत नाहीत. तिथं सोडलेल्या पहिल्या टर्मला (१ − |क्ष|) नं भागायचं. चूक त्याच्या आत राहते. |क्ष| जर १/५० किंवा त्याहून लहान असेल तर हा भागाकार केला काय नि न केला काय, फरक पडत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ, √९९. १०० मधून १ वजा: १० × √(१ − ०.०१). दोन टर्म घेतल्या की १० − ०.०५ = ९.९५. बरीच मुलं इथं थांबतात आणि चार दशांश स्थळं मागितली म्हणून ९.९५०० लिहून मोकळी होतात. मार्क जातो. तिसरी टर्म बघायला हवी होती: १० × ०.०००१/८ = ०.०००१२५. ती चौथ्या स्थळावर येतेय, तिला सोडता येत नाही. ९.९४९८७५ होतं, म्हणजे उत्तर ९.९४९९. चौथी टर्म ०.००००००६२५, ती सोडून दे. सोडायची टर्म आधी बघायची, मग सोडायची. आणि मधले आकडे मागितल्यापेक्षा दोन स्थळं जास्त ठेवून चालवायचे, गोल शेवटी एकदाच करायचं.

इथवर झालं ते असं: वर्ग बाहेर काढला की क्ष लहान होतो, क्ष लहान झाला की टर्म भराभर आटतात, आणि कुठं थांबायचं हे पुढची टर्म सांगते. आता खरी मजा, क्ष आणखी लहान कसा करायचा.

अट नुसती पाळली म्हणजे झालं असं नाही, हे आधी लक्षात घे. √२ = √(१ + १) मध्ये क्ष = १ आहे. काठावरच्या या किमतीला श्रेणी तत्त्वतः बरोबर उत्तराकडं जाते. पण कशी जाते बघ: १, १.५, १.३७५, १.४३७५, १.३९८४, १.४२५८, १.४०५३… चौथं दशांश स्थळ पक्कं व्हायला दोनशेच्या आसपास टर्म लागतात. लग्नाच्या वरातीत घोडा जसा दोन पावलं पुढं, एक मागं नाचतो तसा हा प्रकार. पोचतो, पण जेवणं उरकल्यावर.

त्याऐवजी √५० वर परत जा. ५० = २५ × २, म्हणून √२ = √५०/५. आपण आत्ता जे चार टर्ममध्ये काढलं त्याला ५ नं भागलं की १.४१४२१३६. २ जवळ पूर्ण वर्ग नव्हता, पण २ ला २५ नं गुणल्यावर ४९ शेजारी येऊन बसला. ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येच्या जवळच्या मुळासाठी हाच मार्ग दिलाय: एखाद्या मोठ्या वर्गानं गुणा, गुणाकाराचं मूळ घ्या, शेवटी त्या वर्गाच्या मुळानं भागा. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, कन्नडचा घाट उतरलं की फार लांब नाही. आपल्याकडच्या मुलांना हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

त्याहून जुनं म्हणजे बौधायन शुल्बसूत्र, यज्ञवेदी आखण्याच्या नियमांचा ग्रंथ. त्यात √२ साठी १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) अशी किंमत दिलीय. पहिल्या तीन पदांची बेरीज कर: १७/१२. त्याचा वर्ग २८९/१४४, म्हणजे २ पेक्षा फक्त १/१४४ जास्त. आता आपल्या पद्धतीनं लिही: √२ = (१७/१२) × √(१ − १/२८९). द्विपद श्रेणीच्या पहिल्या दोन टर्म घे: १७/१२ − (१७/१२)/५७८ = १७/१२ − १/४०८. आणि ३×४×३४ किती? ४०८. तंतोतंत तीच टर्म. ती कशी काढली हे सूत्रात सांगितलेलं नाही, तेव्हा त्यांना श्रेणी माहीत होती असं म्हणायचं काही कारण नाही. यज्ञवेदीच्या दोऱ्या आखताना चौकोन कापून-जोडूनही ही दुरुस्ती सुचू शकते. पण ५७७/४०८ म्हणजे १.४१४२१५७, खऱ्या किमतीशी फरक पाचव्या स्थळानंतर.

शेजारी वर्ग नसलेली संख्या म्हणून √५५ घे. ४९ घेतलास तर क्ष = ६/४९, ६४ घेतलास तर −९/६४. दोन्ही ०.१२ च्या वर, टर्म बऱ्याच लागतील. ४ नं गुण: २२०. शेजारी १५² = २२५. मग √५५ = (१५/२) × √(१ − १/४५). तीन टर्ममध्ये ७.४१६२०४. आणखी शोधायचं असेल तर २५ नं गुण: १३७५, शेजारी ३७² = १३६९. क्ष = ६/१३६९, म्हणजे ०.००४४. तीन टर्म घे: ७.४ + ०.०१६२१६२ − ०.००००१७८ = ७.४१६१९८४. खरी किंमत ७.४१६१९८५. परीक्षेत मी २५ पर्यंत जाणार नाही, ४ आणि ९ बघून सोडून देईन. शोधण्यात गेलेला वेळ टर्म लिहिण्यापेक्षा जास्त झाला तर फायदा काय?

रानातलं एक उदाहरण देतो, कारण हे मला गावाकडं खरंच विचारलं जातं. एक एकराचा अगदी चौकोनी तुकडा असेल तर बाजू किती फूट? गुंठा म्हणजे ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३५६० चौरस फूट. याचं वर्गमूळ हवंय. बहुतेक जण २०० चा वर्ग ४०००० धरून चालायला लागतात, तिथं क्ष ०.०८९ येतो. जरा थांबून २०९ चा वर्ग करून बघ: ४३६८१. आपल्याला फक्त १२१ कमी हवेत. आणि २०९ = ११ × १९, म्हणून १२१/४३६८१ ला ११ चा वर्ग कापून जातो: क्ष = −१/३६१. दोनच टर्म: २०९ − २०९/७२२ = २०९ − ११/३८ = २०८.७१०५ फूट, म्हणजे २०८ फूट साडेआठ इंच. सोडलेली टर्म ०.०००२ फूट, इंचाचा सुमारे चारशेवा भाग. टेपचा झोळच त्याच्या कितीतरी पट असतो, बांधाचं तर विचारूच नको. शिवाय ४३५६० = ६६² × १० आहे, त्यामुळं याच उत्तराला ६६ नं भागलं की √१० फुकटात मिळतं: ३.१६२२८१. खरं ३.१६२२७८.

अजून एक बारीक गोष्ट, हातानं आकडेमोड करणाऱ्याला उपयोगी. कधी कधी मूळ वर न ठेवता खाली ठेवलेलं बरं. √२ = (७/५) × √(५०/४९), आणि ४९/५० = १ − १/५०. म्हणून √२ = १.४ × (१ − ०.०२) चा −१/२ घात. (१ − क्ष) च्या −१/२ घाताची श्रेणी १ + क्ष/२ + ३क्ष²/८ + ५क्ष³/१६ + …, इथं क्ष = ०.०२. टर्म येतात १, ०.०१, ०.०००१५, ०.०००००२५. ४९ नं भागायची कटकट गेली, सगळं दशांश चिन्ह सरकवण्यावर आलं. बेरीज १.०१०१५२५, गुणिले १.४ म्हणजे १.४१४२१३५. एक्क्याऐंशी, एकोणपन्नास, तीनशे एकसष्ट असल्या संख्यांनी भागण्यापेक्षा ५० किंवा १०० नं भागणं केव्हाही सोपं.

कॉम्प्युटरचं वर अर्धवट सोडलं होतं. तिथं श्रेणी लांबवण्यापेक्षा अंदाज बदलणं परवडतं. अंदाज अ असेल तर अ आणि ५०/अ यांची सरासरी काढायची, तो नवा अंदाज, पुन्हा तेच. ७ पासून सुरू कर: ७ आणि ५०/७ ची सरासरी ७.०७१४२८६. ओळखीचा आकडा आहे ना? श्रेणीच्या पहिल्या दोन टर्मची बेरीज तीच. फरक एवढाच की श्रेणी शेवटपर्यंत ७ लाच धरून बसते, तर सरासरीची रीत दर फेरीला नवा, जास्त जवळचा अंदाज धरते. दुसऱ्या फेरीतच ७.०७१०६७८ येतं, आणि त्यानंतर बरोबर आलेल्या आकड्यांची संख्या दर वेळी जवळजवळ दुप्पट होते. पेपरात मात्र 'द्विपद प्रमेय वापरून' असं लिहिलेलं असेल तर ही रीत लिहू नको, मार्क मिळणार नाहीत. रफमध्ये उत्तर तपासायला वापर.

घनमूळालाही हेच सगळं लागू होतं, फक्त सहगुणक वेगळे: १ + क्ष/३ − क्ष²/९ + … ∛१२६ ला शेजारी १२५ बसलेलाच आहे, म्हणून ५ × (१ + १/१२५) चा १/३ घात. ५ + १/७५ − १/२८१२५ = ५.०१३२९७८. ∛१०० तू स्वतः करून बघ. १२५ शेजारी नाही, ६४ तर नाहीच. २७ नं गुणून २७०० केलंस की १४ चा घन किती होतो ते बघ, आणि जमलं का ते इथंच कळव.